नवी एसओ फाइल टाकली की काटा शून्य दाखवतो: सी लायब्ररीतला खाजगी डेटा कुठे ठेवायचा

लक्षणं ठरलेली आहेत. वजनकाट्याशी बोलणाऱ्या सी भाषेतल्या लायब्ररीत (इतर प्रोग्रामनी वापरायच्या फंक्शनांच्या संचात) किरकोळ सुधारणा होते. नवी एसओ फाइल (लिनक्सवरची कंपाइल केलेली लायब्ररी) पेनड्राइव्हवर घेऊन कुणीतरी मोंढ्यातल्या आडतीवर किंवा कारखान्याच्या भुईकाट्यावर जातो आणि तिथल्या पीसीत टाकतो. पावती छापणारा प्रोग्राम जुनाच राहतो. त्यानंतर तीनपैकी एक गोष्ट होते: भरलेली गाडी काट्यावर उभी असताना पडद्यावर ०.०० दिसतं, पावती क्रमांक एकाएकी १०८ कोटींच्या घरात जातो, किंवा दोन-चार पावत्या निघाल्या की प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन बंद पडतो. लायब्ररी लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर यातलं काहीच घडत नाही, त्यामुळे दोष वायरिंगवर, लोडसेलवर नाहीतर विजेच्या चढउतारावर ढकलला जातो.

जालन्याच्या सळई कारखान्यांवर, लातूरच्या बाजार समितीत, बीड-धाराशिवच्या साखर कारखान्यांवर जिथे जिथे काटा पीसीला जोडलाय, तिथे बहुतेक वेळा पावतीचा प्रोग्राम एकाचा आणि काट्याची लायब्ररी दुसऱ्याची असते. दोन्ही एकदम कंपाइल करून मिळतील याची खात्री नाही. म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्याने आपल्या स्ट्रक्टच्या (एका नावाखाली बांधलेल्या फील्डांच्या गठ्ठ्याच्या) पोटात काय आहे हे दुसऱ्याच्या कंपायलरला कळू देता कामा नये. वरच्या तिन्ही तक्रारींचं मूळ तिथेच आहे. उदाहरणासाठी लायब्ररीला लिबकाटा म्हणू. फंक्शन, मॅक्रो आणि कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, कोडात ती रोमन लिपीत येतील.

आधी लोड कोणती फाइल होतेय ते बघा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. पावतीच्या प्रोग्रामवर एलडीडी (कोणत्या लायब्ररी लोड होतात ते दाखवणारी कमांड) चालवा आणि लिबकाटापुढे कोणता पाथ येतो ते वाचा. /यूएसआर/लोकल/लिब मध्ये एक जुनी प्रत आणि /यूएसआर/लिब मध्ये नवी, असा प्रकार सर्रास असतो. फाइल टाकल्यावर एलडीकॉन्फिग (लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड) चालवायचं राहून जातं तेही बघा.

दुसरं म्हणजे, प्रोग्राम चालू असताना सीपी कमांडने एसओ फाइलवर फाइल कधीच टाकू नका. सीपी त्याच आयनोडमध्ये (डिस्कवरच्या त्याच मूळ फाइलीत) लिहिते, म्हणजे चालू प्रोग्रामने मेमरीत मॅप केलेली पानं त्याच्या पायाखालून बदलतात आणि तो तिथल्या तिथे कोसळतो. नवी फाइल आधी त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने उतरवा, मग एमव्हीने नाव बदला. जुना आयनोड चालू प्रोग्रामकडे तसाच राहतो आणि पुढच्या वेळी प्रोग्राम सुरू झाला की नवी फाइल लागते.

फाइल बरोबर आहे, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केलाय, तरी आकडे चुकतात? मग पुढे वाचा.

शून्य आणि १०८ कोटी कुठून येतात

लिबकाटाच्या पहिल्या आवृत्तीत हेडर फाइलमध्येच (प्रोग्राम लिहिणाऱ्याला द्यायच्या घोषणांच्या फाइलीत) पूर्ण स्ट्रक्ट दिलेलं होतं असं धरा. ६४-बिट लिनक्सवर त्याची मांडणी अशी होते (इंट म्हणजे ४ बाइटचा पूर्णांक, डबल म्हणजे ८ बाइटचा अपूर्णांक चालणारा आकडा, धडा म्हणजे वजनातून वजा करायचं रिकामं वजन):

पोर्ट (इंट): बाइट ० ते ३
रिकामी जागा: ४ ते ७
गुणक (डबल): ८ ते १५
धडा (डबल): १६ ते २३
वजन (डबल): २४ ते ३१
एकूण ३२ बाइट

दुसऱ्या आवृत्तीत पोर्टच्या खाली बॉड दरासाठी (सिरियल पोर्टच्या वेगासाठी) एक इंट वाढवला. ६४-बिटवर तो बरोबर ४ ते ७ या रिकाम्या जागेत जाऊन बसतो. एकही फील्ड हलत नाही, एकूण आकार ३२ च राहतो, जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीबरोबर सुखाने चालतो. गोम इथेच आहे. पहिल्यांदा काही बिघडत नाही, म्हणून स्ट्रक्टमध्ये फील्ड वाढवायला हरकत नाही असा समज पक्का होतो.

काट्यावरचा पीसी मात्र जुना, ३२-बिट इंटेल. तिथे लिनक्सवर स्ट्रक्टमधला डबल ४ च्या पटीत बसतो, ८ च्या नाही, म्हणून मधली रिकामी जागाच नसते:

पहिली आवृत्ती: पोर्ट ० ते ३, गुणक ४ ते ११, धडा १२ ते १९, वजन २० ते २७, एकूण २८
दुसरी आवृत्ती: पोर्ट ० ते ३, बॉड ४ ते ७, गुणक ८ ते १५, धडा १६ ते २३, वजन २४ ते ३१, एकूण ३२

जुना प्रोग्राम वजन वाचायला बाइट २० वर जातो, कारण त्याच्या कंपायलरने तो आकडा कायमचा कोरून ठेवलाय. तिथे आता धड्याचा वरचा अर्धा भाग आहे आणि त्याला लागून वजनाचा खालचा अर्धा. भुईकाट्याचं वजन ५ किंवा १० किलोच्या पटीत, पूर्ण किलोत गोल केलेलं असतं. अशा पूर्णांकाच्या डबलचे खालचे ३२ बिट शून्य असतात. हे शून्य आता चुकीच्या डबलच्या वरच्या भागात येऊन पडतं. धडा शून्य असेल तर वाचलेला आकडा नेमका शून्य. धडा काहीही असला तरी आकडा इतका सूक्ष्म येतो की छापताना ०.०० च दिसतो. ग्रॅमवर चालणाऱ्या छोट्या काट्यावर शून्याऐवजी वेडेवाकडे आकडे येतात, कारण अपूर्णांकामुळे खालचे बिट भरलेले असतात.

आता पावती क्रमांक. प्रोग्रामने आपल्या एका मोठ्या स्ट्रक्टमध्ये आधी काटा आणि त्याला लागून पावती क्रमांकाचा इंट ठेवलाय असं समजा. जुन्या हिशोबाने काटा २८ बाइटचा, म्हणून पावती क्रमांक २८ ते ३१ वर. नवी लायब्ररी वजन लिहिते २४ ते ३१ वर. १२,३४० किलोचा डबल लिहिला की त्याचा वरचा भाग पावती क्रमांकावर बसतो आणि क्रमांक होतो १०८६८५५६८०. हा आकडा हिशोबातून येतो, नशिबातून नाही: ८,१९२ ते १६,३८३ किलोच्या कुठल्याही गाडीसाठी तो १०८६३२४७३६ ते १०८७३७३३११ च्या दरम्यानच पडेल. इंटमध्ये एकाएकी १०६ ते १०९ कोटींमधला आकडा दिसला, तर त्यावर कुणीतरी डबल लिहून गेलंय असा संशय आधी घ्या. शेजारी इंटऐवजी प्रिंटरचा पॉइंटर असता तर हाच प्रकार क्रॅश म्हणून दिसला असता.

३२-बिट एआरएम बोर्डवर, म्हणजे रास्पबेरी पायसारख्या जागी, डबल ८ च्याच पटीत बसतो. तिथे चाचणी घेऊन ‘३२-बिटवर तपासलं’ असं म्हणू नका.

खात्री कशी करायची

सगळ्यात सरळ उपाय जीडीबी हा डिबगर. पावती क्रमांकावर वॉचपॉइंट लावा आणि एक वजन घ्या. क्रमांक बदलला त्या क्षणी जीडीबी थांबेल. बॅकट्रेसमध्ये सगळ्यात वर लिबकाटाचं फंक्शन दिसलं तर निदान पक्कं.

डिबग माहिती नसेल तर लायब्ररीत एक छोटं फंक्शन घाला जे आपल्या बाजूचा साइझऑफ (स्ट्रक्टचा आकार) परत देईल, आणि प्रोग्रामकडून त्याच्या बाजूचा साइझऑफ छापून घ्या. एकीकडे २८ आणि दुसरीकडे ३२ आले की वाद मिटला. उलट मात्र खरं नाही. आकार सारखा आला तरी आतली फील्डं हललेली असू शकतात, म्हणून ऑफसेटऑफ वापरून प्रत्येक फील्डची जागाही छापा. मायनस-जी देऊन कंपाइल केलेल्या फाइलवर पाहोल चालवलं तर मांडणी, मधली रिकामी जागा आणि एकूण आकार असं सगळं एका दमात मिळतं. जुनी आणि नवी एसओ फाइल दोन्ही तशाच, मायनस-जी देऊन केलेल्या, हाताशी असतील तर एबीआयडिफ दोन्हींतला फरक फील्डनिहाय सांगतं.

मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडकडून इथे फार अपेक्षा ठेवू नका. त्याचा मेमचेक हीपवरच्या ब्लॉकच्या सीमा बघतो. स्टॅकवरच्या किंवा एकाच स्ट्रक्टच्या आतल्या आत झालेल्या अतिक्रमणाला तो हरकत घेत नाही. ॲड्रेस सॅनिटायझरचंही तेच, मोठ्या स्ट्रक्टमधल्या एका सदस्यातून शेजारच्या सदस्यात गेलेलं लिखाण त्याला कायदेशीर वाटतं. दोन्हींनी ‘ठीक आहे’ म्हटलं म्हणून मांडणीचा संशय सोडू नका.

मांडणी बिघडण्याची आणखी काही कारणं आहेत, पटकन नजर टाका. सार्वजनिक स्ट्रक्टमध्ये इफडेफ डिबगच्या आत एखादं फील्ड. हेडरमध्ये प्राग्मा पॅक लावून तो परत न काढणं. एका बाजूला मायनस-एफ-शॉर्ट-एनम्स आणि दुसऱ्या बाजूला नाही. आणि स्ट्रक्टमध्ये थेट ठेवलेला टाइम_टी किंवा ऑफ_टी: ३२-बिटवर जीलिबसी २.३४ पासून (२०२१) _टाइम_बिट्स=६४ देता येतं, तेव्हा टाइम_टी ४ ऐवजी ८ बाइटचा होतो. २०३८ च्या भीतीने एका बाजूने हे चालू केलं आणि दुसऱ्याने नाही, की पुन्हा तोच गोंधळ.

दुरुस्ती: स्ट्रक्ट हेडरमधून बाहेर काढा

फील्डं शेवटी वाढवणं, आधीच चार-सहा राखीव इंट ठेवणं, हे सगळं वेळ मारून नेणं आहे. वारसा लागत नसेल, म्हणजे तुमच्या प्रकारावरून दुसऱ्या कुणाला पोटप्रकार काढायचा नसेल, तर एकच उपाय करा.

हेडरमध्ये फक्त नाव ठेवा: टाइपडेफ स्ट्रक्ट _काटा काटा, एवढीच ओळ. कंसातला मजकूर सी फाइलमध्ये न्या. प्रोग्रामला द्यायची ती फंक्शनं: काटा_नवा पॉइंटर परत देतो, काटा_मोडा तो सोडवतो, काटा_वजन, काटा_धडा_करा, काटा_बॉड_ठरवा. पहिल्या आर्ग्युमेंटला नेहमी काटा पॉइंटर. दुसऱ्याच्या कंपायलरला आता आकारही माहीत नाही आणि एकाही फील्डची जागा माहीत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी तुम्ही आत कितीही फील्डं घातली तरी त्याचं काही हलणार नाही.

हा बदल केल्यावर जुना प्रोग्राम नव्या हेडरबरोबर कंपाइल होणार नाही. अपूर्ण प्रकाराबद्दलच्या चुका येतील: स्टॅकवर काटा ठेवला तिथे, साइझऑफ घेतला तिथे, बाणाने थेट वजन वाचलं तिथे. या चुकांची यादी म्हणजेच कामाची यादी. एकेक घेऊन फंक्शनने बदला आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती यादी तशीच द्या. एखादं फील्ड तीन-चार प्रोग्राम थेट वाचत होते असं दिसलं, तर त्यासाठी नीट वाचक-फंक्शन तुमच्या बाजूने राहिलंय असा अर्थ घ्या.

सोनेम (लायब्ररीत कोरलेलं, आकडा असलेलं नाव, ज्यावरून प्रोग्राम ती शोधतो) याच वेळी वाढवायला हवं, नाहीतर जुना प्रोग्राम नवी फाइल उचलेल आणि सगळं मुसळ केरात. लिबटूल वापरत असाल तर व्हर्जन-इन्फोमध्ये तीन आकडे असतात: करंट, रिव्हिजन, एज. आधी ०:३:० असेल तर आता १:०:० करा. लिनक्सवर सोनेममधला आकडा करंट वजा एज असा निघतो, म्हणजे फाइल लिबकाटा.एसओ.१ होईल. जुनी लिबकाटा.एसओ.० तिच्या शेजारी तशीच राहू द्या, जुना प्रोग्राम ती वापरत राहील. पॅकेजची आवृत्ती २.१.० आहे म्हणून व्हर्जन-इन्फोतही २:१:० टाकणारे बरेच आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

स्ट्रक्ट लपवल्यावरही उरणाऱ्या तक्रारी

*काटा उघडला नाही की त्यानंतर कीबोर्डवरून काहीच वाचता येत नाही.* काटा_नवा मध्ये कॅलॉकने मेमरी घेतली, सगळं शून्य झालं, पोर्टही शून्य. सिरियल पोर्ट उघडायच्या आधीच दुसरं काही फसलं आणि काटा_मोडा ने क्लोज केला फाइल डिस्क्रिप्टर ०, म्हणजे प्रोग्रामचा स्टँडर्ड इनपुट. शून्य हा वैध डिस्क्रिप्टर आहे. मेमरी हातात येताच पुढच्याच ओळीत पोर्टमध्ये उणे १ टाका आणि मोडताना ० किंवा जास्त असेल तरच क्लोज करा. मोडण्याच्या फंक्शनला नल दिला तर त्याने गुपचूप परत यावं, फ्री जसं येतं तसं.

*दोन काटे जोडले की आकडे एकमेकांत मिसळतात.* साखर कारखान्यावर भरलेली उसाची गाडी एका काट्यावर आणि रिकामी दुसऱ्या काट्यावर तोलली जाते. एकाच काट्यावर वर्षानुवर्षं चाललेली लायब्ररी तिथे गेली की भरलेल्या गाडीच्या वजनात रिकाम्या काट्याचा धडा वजा होतो. सी फाइलमध्ये स्टॅटिक शोधा. ‘खाजगी’ म्हणून फाइलच्या वर ठेवलेला स्टॅटिक धडा, स्टॅटिक बफर, फंक्शनच्या आतला स्टॅटिक मागचा-वाचन हे सगळं प्रत्येक काट्याचं वेगळं हवं. फाइलच्या पातळीवरचं स्टॅटिक फंक्शनांसाठी उत्तम, वस्तूच्या स्थितीसाठी नाही. ती स्ट्रक्टमध्येच जायला हवी.

*गाडी क्रमांक मधूनच बदलतो.* काटा_गाडी_क्रमांक हे फंक्शन आतल्या बफरचा पॉइंटर तसाच परत देतं. प्रोग्राम तो जपून ठेवतो, पुढची गाडी आली की त्याच बफरवर नवा क्रमांक लिहिला जातो आणि आधीच्या पावतीवरही नवाच छापला जातो. स्ट्रक्ट लपवलं आणि त्याच्या पोटातला पॉइंटर बाहेर दिला तर लपवण्याला अर्थ उरत नाही. प्रोग्रामकडून बफर आणि त्याची लांबी घ्या, त्यात प्रत उतरवून द्या. पॉइंटरच द्यायचा असेल तर कॉन्स्ट लावा आणि तो कुठवर वैध आहे हे हेडरमधल्या टिपणीत लिहा.

*विंडोजवर फ्री केलं की क्रॅश.* लायब्ररीने मॅलॉक केलेलं प्रोग्रामने फ्री केलं. तिथे डीएलएल आणि ईएक्सई दोन वेगळ्या सी रनटाइमवर असू शकतात आणि दोघांचे हीप वेगळे असतात. लायब्ररीने घेतलेली मेमरी लायब्ररीच्याच फंक्शनने सोडवायची, लिनक्सवर फरक पडत नसला तरी सवय तीच ठेवा.

*आतलं फंक्शन बदललं आणि बाहेरचा प्रोग्राम बंद पडला.* एनएम मायनस-डी चालवून बघा, लायब्ररीतून बाहेर दिसणारी नावं किती आहेत ते. स्टॅटिक न लावलेलं प्रत्येक फंक्शन आपोआप बाहेर दिसतं, मग कुणीतरी एक्सटर्न लिहून ते वापरतं. मायनस-एफ-व्हिजिबिलिटी=हिडन देऊन कंपाइल करा आणि जी फंक्शनं खरोखर द्यायची आहेत त्यांनाच व्हिजिबिलिटी डिफॉल्टचा ॲट्रिब्यूट लावा. दोन सी फाइलींना मिळून लागणारी घोषणा वेगळ्या हेडरमध्ये ठेवा, नावात प्रायव्हेट घाला आणि मेक इन्स्टॉल त्याला हात लावणार नाही याची खात्री करा.

वारसा हवा असेल तर

काट्यावरून भुईकाटा काढायचा असेल तर स्ट्रक्ट पूर्ण लपवता येत नाही. भुईकाट्याच्या स्ट्रक्टमधला पहिला सदस्य काटा असतो, पॉइंटर नव्हे, अख्खा काटा. म्हणजे त्याचा आकार पोटप्रकार लिहिणाऱ्याच्या कंपायलरला कळायलाच हवा. मग करायचं एवढंच की तो आकार कधीच बदलू द्यायचा नाही.

हाताने करायचं तर सार्वजनिक स्ट्रक्टमध्ये एक प्रिव्ह पॉइंटर ठेवतात आणि बाकी सगळं त्यामागे नेतात. हे चालतं. एकच सांभाळा: कुणी बरोबर-चिन्हाने एक काटा दुसऱ्यात उतरवला तर दोघांचा प्रिव्ह एकच होतो आणि दुसऱ्यांदा मोडताना डबल फ्री. राखीव जागा ठेवायची पद्धत क्लासच्या स्ट्रक्टसाठी, म्हणजे पुढे आभासी फंक्शनं वाढवण्यासाठी ठीक आहे, कारण तिथे एका व्हॉइड पॉइंटरच्या जागी एक फंक्शन पॉइंटर बरोबर बसतो. त्याच जागी डबल घालू नका. ३२-बिटवर पॉइंटर ४ चा आणि डबल ८ चा.

जीऑब्जेक्ट (जीलिबबरोबर येणारी, सीमध्ये क्लास आणि वारसा देणारी व्यवस्था) वापरणाऱ्यांना यातलं बरंच तयार मिळतं, पण त्याचे नियम काळाप्रमाणे बदललेत आणि जुनी उदाहरणं बघून लिहिलेला कोड नव्या-जुन्याची भेळ असतो. जीलिब २.४ (२००४) मध्ये जी_टाइप_क्लास_ॲड_प्रायव्हेट आलं, २.३८ (२०१३) मध्ये जी_ॲड_प्रायव्हेट आणि जी_डिफाइन_टाइप_विथ_प्रायव्हेट, २.४४ (२०१५) मध्ये जी_डिक्लेअर_फायनल_टाइप, आणि २.५८ (२०१८) मध्ये ते पहिलं जुनं फंक्शन कालबाह्य ठरवलं गेलं. नवा कोड लिहिताना पोटप्रकार लागणार नसेल तर फायनल टाइप घ्या. त्यात इन्स्टन्सचं स्ट्रक्ट सी फाइलमध्येच राहतं, वेगळा प्रायव्हेट ब्लॉक लागतच नाही. लागणार असेल तरच डेरायव्हेबल आणि त्याबरोबर विथ_प्रायव्हेट.

इथे सगळ्यात चिवट बिघाड असा: पहिलं फील्ड लिहिताच ऑब्जेक्ट मरतो. कास्ट करताना पॉइंटरला क्लासच नाही असा इशारा येतो, किंवा थेट क्रॅश. कारण विथ_प्रायव्हेट लिहायचं राहिलं आणि साधंच जी_डिफाइन_टाइप वापरलं. कंपायलर काही म्हणत नाही, कारण गेट_इन्स्टन्स_प्रायव्हेट हे फंक्शन साधा मॅक्रोही बनवून देतो. फक्त त्यातला ऑफसेट शून्य असतो. म्हणजे परत मिळालेला प्रिव्ह म्हणजे ऑब्जेक्ट स्वतःच, आणि त्याचे पहिले बाइट म्हणजे क्लासचा पॉइंटर. तुम्ही गुणक लिहिता तो त्याच्यावरच. जीडीबीत सेल्फ आणि प्रिव्ह दोन्ही छापा. दोन्ही पत्ते सारखे आले की हेच. जीलिब २.३८ पासून खाजगी ब्लॉक ऑब्जेक्टच्या आधी ठेवला जातो, म्हणून निरोगी ऑब्जेक्टमध्ये प्रिव्हचा पत्ता सेल्फपेक्षा लहान असतो. उणे ऑफसेट बघून दचकू नका.

जुन्या पद्धतीच्या कोडात आणखी एक: इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनात) ठेवलेला गुणक नंतर शून्य दिसतो, पण फक्त भुईकाट्यावर, साध्या काट्यावर नाही. जी_टाइप_इन्स्टन्स_गेट_प्रायव्हेटला काट्याचा स्वतःचा टाइप न देता जी_ऑब्जेक्ट_टाइप(सेल्फ) दिला असेल, तर भुईकाट्याच्या ऑब्जेक्टसाठी भुईकाट्याचा ब्लॉक मिळतो. मग इनिटमध्ये बरोबर का चाललं? कारण काट्याचं इनिट चालू असताना ऑब्जेक्टचा क्लास पॉइंटर तात्पुरता काट्याच्या क्लासकडे असतो, तो भुईकाट्याकडे नंतर येतो. म्हणजे लिहिलं एका ब्लॉकमध्ये, वाचलं दुसऱ्यामधून. टाइप नेहमी ज्या फाइलमध्ये कोड आहे तिथलाच, नावानिशी द्या.

बाकीचं थोडक्यात. प्रिव्ह ब्लॉक जी_फ्री करू नका, तो ऑब्जेक्टबरोबर जातो. ऑब्जेक्ट मोडताना डिस्पोझ आणि फायनलाइझ ही दोन फंक्शनं चालतात: आतल्या स्ट्रिंग फायनलाइझमध्ये सोडवा, दुसऱ्या ऑब्जेक्टचे संदर्भ डिस्पोझमध्ये जी_क्लिअर_ऑब्जेक्टने, कारण डिस्पोझ एकाहून जास्त वेळा चालू शकतं आणि साधं अनरेफ दुसऱ्या वेळी दुसऱ्याचा संदर्भ खाईल. दोन्हींच्या शेवटी पालक क्लासचं तेच फंक्शन बोलवा. आणि सरासरी काढण्यासाठी १०,००० वाचनांचा डबल ॲरे थेट प्रायव्हेट स्ट्रक्टमध्ये ठेवू नका. ते होतात ८०,००० बाइट, आणि एका टाइपचे व त्याच्या सगळ्या पालकांचे खाजगी ब्लॉक मिळून ६४ किलोबाइटच्या आत राहावे लागतात. तिथे पॉइंटर ठेवा आणि ॲरे वेगळा घ्या.

फाइल पेनड्राइव्हवर टाकण्याआधी

हेडरमध्ये जी काही स्ट्रक्टं उघडी राहिलीत (क्लासचं, पालकाचं, एखाद्या सेटिंगचं) त्या प्रत्येकासाठी सी फाइलमध्ये _स्टॅटिक_असर्ट लिहा: ६४-बिटसाठी एक आकडा, ३२-बिट इंटेलसाठी दुसरा. कुणी फील्ड घातलं की कंपाइलच होणार नाही. मात्र बॉडसारखं रिकाम्या जागेत बसणारं फील्ड ६४-बिटच्या आकड्याला चकवून जातं, म्हणून मायनस-एम३२ चं बिल्डही प्रत्येक वेळी चालवा. डेबियन किंवा उबंटूवर त्यासाठी जीसीसी-मल्टिलिब पॅकेज लागतं.

मागच्या आवृत्तीच्या हेडरवर कंपाइल केलेला एक छोटा चाचणी-प्रोग्राम बायनरी रूपातच जपून ठेवा, पुन्हा कंपाइल करू नका. काट्याऐवजी त्याला स्यूडो-टर्मिनलवरून १२३४० हा आकडा पाठवा, नवी एसओ लावून चालवा, छापलेलं वजन आणि त्याच्या शेजारच्या इंटची किंमत दोन्ही तपासा. एबीआयडिफ मेक चेकमध्ये घाला. फरक सापडला तर तो शून्येतर एक्झिट कोड देतो आणि बिल्ड तिथेच थांबतं. सोनेम मुद्दाम वाढवलं असेल त्याच वेळी तुलनेची जुनी फाइल बदला, एरवी नाही.